नाल, नालबंद आणि नालबंदी

मराठ्यांच्या घोडदळाचा विचार बहुधा तलवार, भाला व चपळाई यांच्या अनुषंगाने केला जातो. ज्या खुरांवर ही चपळाई अवलंबून होती त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. या विषयाचा माग काढताना बखरींइतकेच शब्दही उपयोगी पडतात.

पुण्याहून भूगाव, भुकूम, पिरंगुट या गावांवरून पौडास जाणारी वाट पाहिली, तरी मावळात घोड्याच्या पायांस काय सोसावे लागत असेल याची कल्पना येते. पावसाळ्यात भातखाचरांचा चिखल आणि उन्हाळ्यात तापलेला काळा खडक, अशी ही भूमी आहे. सतत ओलीत राहिलेला खूर मऊ पडून कुजू लागतो, फार कोरडा झालेला तडकतो, आणि खड्यांनी तळवा दुखावतो.

शिवकालीन पागेच्या व्यवस्थेत या गोष्टीची जाणीव स्पष्ट दिसते. सभासदाच्या बखरीप्रमाणे 25 घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे 100 खुरांची जबाबदारी एका माणसावर होती. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतल्यावर दाणावैरणीबरोबर औषधांचीही तरतूद केली जात असे.

घोडा आपले दुखणे सांगू शकत नाही. ते चालीवरून ओळखावे लागते. पुढील पाय दुखावला असल्यास तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना ती खाली येते. नाल ठोकल्यानंतर लवकरच लंगडेपणा दिसल्यास खिळा खुराच्या जिवंत भागास लागला असावा, असा संशय प्रथम घ्यावा लागतो. खूर हाताला ऊन लागला, तर तो संशय बळावतो. अशा वेळी खिळा काढणे व पू झाला असल्यास त्यास वाट करून देणे अवश्य असते.

अश्ववैद्यास ‘सलोतरी’ म्हणतात. हा शब्द ‘शालिहोत्र’ या संस्कृत नावापासून आला आहे. उलट ‘नाल’ हा शब्द अरबी, आणि ‘नालबंद’ यातील ‘बंद’ फारसी. रोगचिकित्सा व नालकाम या दोन विद्या मराठीत निरनिराळ्या मार्गांनी आल्या असाव्यात, असे अनुमान यावरून करता येते. परंतु केवळ शब्दांवरून याहून अधिक सांगणे धाडसाचे होईल.

‘नालबंदी’ या शब्दाचा अर्थविस्तार विशेष लक्षणीय आहे. बारगिराचा घोडा सरकारचा, तर शिलेदाराचा स्वतःचा असे. शिलेदारास चाकरीपूर्वी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेस नालबंदी म्हणत. नाल ठोकण्याच्या खर्चाचे नाव याप्रमाणे सबंध तयारीच्या खर्चास मिळाले. त्यात अतिशयोक्ती नव्हती. घोडा लंगडा झाला की शिलेदाराची चाकरीच धोक्यात येई.

पुण्यात 1862 साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि या विद्येस नवे शास्त्रीय वळण लागले. जुन्या नालबंदांचे हातचे ज्ञान मात्र कागदावर फारसे उतरले नाही. ‘नालबंद’ हे आडनाव आजही आढळते. त्या कसबाचा मराठीतील तो एक जिवंत पुरावा होय.