तळटीप : ‘सगळ्या जागांवर फिरवलेला पोरगा’

३. संदर्भ जिंतूरकडच्या कबड्डीचा. मैदानावर सात, राखीव पाच. पण गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने जिवंत होतात, प्रशिक्षकाच्या पसंतीने नव्हे. तिघेच उरले आणि त्यांत कोपरारक्षक एकही नसला, तर मध्यरक्षकालाच कोपरा धरावा लागतो. म्हणून सरावात जागा बदलून खेळवायचे. डाव्या कोपऱ्यातून घोटा धरणारा उजवीकडे गेला की पुढचा पाय बदलतो, पकड क्षणभर उशिरा बसते आणि चढाईवाला निसटतो. प्रो कबड्डीत तर तिघांनी किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जादा गुण आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये बर्ट कॅम्पानेरिस ८ सप्टेंबर १९६५ रोजी एकाच सामन्यात नऊही जागी खेळला. तो मात्र मुख्यतः प्रेक्षक खेचण्याचा खटाटोप होता.