कचारगडची शिळा आणि टाळता येणारे अंधत्व



गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, जेथे महाराष्ट्राची हद्द छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाला भिडते, तेथे धनेगावजवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावरून तिकडे जाता येते. गोंड समाजाचे हे मूळ श्रद्धास्थान होय. दरवर्षी माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक येथे येतात.

या गुहेविषयी गोंड समाजात एक कथा सांगतात. काली कंकाली मातेची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडाशी मोठी शिळा बसली. आत अंधार, बाहेर आईचा आकांत. जंगो रायताडने त्या मुलांची काळजी वाहिली, पारी कुपार लिंगोने सुटकेचा मार्ग शोधला आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने आतल्या मुलांना बळ आले. सर्वांच्या जोराने शिळा ढळली आणि मुले उजेडात आली. मात्र त्याच शिळेखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला.

ही कथा ज्यांची श्रद्धा आहे त्यांची आहे, आणि शेजारधर्माने आपण तिचा आदर करतो. येथे ती सांगण्याचे कारण एवढेच, की आपल्या गावांतून, आपल्या घरांतूनही कितीतरी माणसे अशाच अंधारात बसलेली आहेत आणि त्यांच्या डोळ्यांवरची शिळा हलविता येण्याजोगी आहे. सन २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नास वर्षांवरील अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे आढळले. म्हणजे दर तीन अंधांपैकी जवळजवळ दोघांची दृष्टी एका शस्त्रक्रियेने परत येऊ शकली असती. मग ती का आली नाही? विद्या नव्हती म्हणून काय? इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

मोतीबिंदूवरील उपचाराचे सविस्तर वर्णन आपल्याच देशात सुश्रुतसंहितेत सापडते. डोळ्याच्या आतील भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. टोकदार शलाकेने ते गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याची ती रीत होती. पुढे ही विद्या अरबी भाषेत अधिक विस्ताराने लिहिली गेली. नेत्रवैद्याला त्या भाषेत 'कह्हाल' म्हणत. अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादच्या अली इब्न ईसा यांनी नेत्रवैद्यांसाठी 'तझकिरत अल-कह्हालीन' हा ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक नेत्ररोगांचे विवेचन आहे. त्याच सुमारास मोसूलचे अम्मार इब्न अली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत नोंदवून ठेवली. बसरा येथे जन्मलेले इब्न अल-हैथम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात असे मांडले की, डोळा किरण बाहेर टाकून पाहत नाही. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो, तेव्हाच दिसते. हे ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने शतकानुशतके त्यांतून धडे घेतले. विद्यार्थी मित्रहो, हा वारसा अभिमानाने सांगावा. परंतु नुसत्या अभिमानाने आजीला दिसू लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कारण विद्या ग्रंथात राहिली आणि खेड्यात तिची केवळ सुई पोहोचली. मोतीबिंदू उतरविणारे फिरते वैद्य आपल्या देशात विसाव्या शतकापर्यंत गावोगाव हिंडत. सुई घातली की रोग्याला क्षणभर उजेड दिसे, वैद्य पैसे घेऊन पुढच्या गावी जाई आणि काही दिवसांनी डोळा पिकून कायमचा जाई. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री एलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा शेकडो डोळ्यांचा अभ्यास करून या पद्धतीचे भयंकर परिणाम जगापुढे मांडले. तरीही लोक त्या वैद्यांकडे का जात? तो वैद्य दाराशी येई आणि रुग्णालय फार दूर होते, हे त्याचे मुख्य कारण. ही गोष्ट आजही विसरून चालणार नाही.

इकडे शास्त्र पुढे जात होते. सन १७४७ मध्ये फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढून दाखविले. परंतु भिंग काढले की रोग्याला आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे. तो फुटला वा हरवला की पुन्हा अंधार. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिकचे कण घुसले असता डोळा ते सहन करतो, असे हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. ही भिंगे पुष्कळ काळ गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. सन १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराईत अवघ्या अकरा खाटांनिशी अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. त्याच संस्थेच्या कारखान्यात १९९२ पासून स्वस्त भिंगे तयार होऊ लागली आणि ही अडचण दूर झाली.

त्याच १९७६ साली भारत सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्याआधीच्या पिढीत डॉ. मोदींसारखे शल्यविशारद गावोगाव शिबिरे घेऊन शाळांच्या वर्गांत आणि मांडवांत शस्त्रक्रिया करीत. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांची वरोऱ्याजवळच्या आनंदवनातील शिबिरे सर्वांना ठाऊक आहेत. मांडवात जंतुसंसर्गाचे भय असते, म्हणून आता गावात फक्त तपासणी करावी व शस्त्रक्रिया रुग्णालयातच व्हावी, अशी रीत पडली आहे. रीत उत्तम आहे; पण तिच्यात एक अट लपलेली आहे. म्हाताऱ्या माणसाला गावाहून रुग्णालयापर्यंत कोणीतरी न्यावे लागते.

सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. गोंदियाला १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचा आणि २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा लाभ झाला. तरीही घरोघरी काय ऐकू येते? "मोतिया अजून पिकला नाही", "आता या वयात काय करायचे", "पेरणी होऊ द्या, मग बघू." पालकहो, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी. फार पिकू दिल्यास धोकाच वाढतो. त्यातही घरातील स्त्रियांची पाळी शेवटी येते. बाबांचा डोळा निघतो, आईचा राहतो. आणि आजीचा हात धरायला, चूल सांभाळायला नातीला शाळेतून काढले जाते. एका न झालेल्या शस्त्रक्रियेने दोन आयुष्ये अंधारात जातात. एक म्हातारीचे आणि एक त्या मुलीचे. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच नेत्रचिकित्सेचाही विचार केला पाहिजे.

मुलांच्या डोळ्यांची कथा निराळी आहे. एके काळी अ जीवनसत्त्वाच्या अभावाने कितीतरी बालके रातांधळी होत व पुढे त्यांची बुबुळेच गळून जात. १९७० पासून या जीवनसत्त्वाचे डोस देण्यास आरंभ झाला. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत असे नऊ डोस द्यावयाचे असतात. गोवराची लसही चुकवू नये. शेवग्याची पाने, पालेभाज्या, पिकलेली पपई या आपल्या अंगणातल्या वस्तू आहेत. खुपऱ्यांचा रोग तर एके काळी देशभर होता. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. प्रयत्नांना यश येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. कापणी-मळणीत धानाचे पाते किंवा तूस बुबुळाला लागते, जखम चिघळते आणि बुबुळावर फूल पडते. अशा डोळ्यात झाडपाल्याचा रस, तूप किंवा दुकानातून मागून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. स्टिरॉइडच्या थेंबांनी बुरशीची जखम भडकते. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. नेपाळात भक्तपूर येथे गावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी अशा ओरखड्यांवर वेळीच जंतुनाशक मलम लावले, तेव्हा बहुतेक डोळे वाचले, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. काचबिंदूने व मधुमेहाने गेलेली नजर मात्र सहसा परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मधुमेह असल्यास डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडे एक काम आहे. या सुट्टीत आपल्या घरी व शेजारी साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला एकेक डोळा झाकून बोटे मोजायला सांगा. वर्गात फळा न दिसणारा सोबती "ढ" नसतो, त्याला कदाचित चष्मा हवा असतो. हे गुरुजींच्या कानावर घाला. ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर रुग्णालयात जा, रांगेत उभे राहा आणि पट्टी सुटेपर्यंत त्याची विचारपूस करा.

कचारगडच्या कथेत शिळा हलविण्यासाठी एकाला प्राण द्यावे लागले. आपल्याला एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे द्यावयाचे आहे. तेवढे जरी आपण केले, तरी पुढच्या वर्षी आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या आजीला आपल्या नातीचे प्रगतिपुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.