खानेसुमारींत न सांपडणारें घराणें

सरदार-जहागिरदारांच्या वंशावळी जुळविण्याचें काम आपल्याकडे पुष्कळ झालें. ज्यांस सनदा मिळाल्या त्यांनीं त्या जपल्या, आणि त्यांच्या वंशजांस आपल्या खापरपणजाचें नांव कागदानिशीं सांगतां येतें. ज्यानें नुसता नांगर धरिला त्याचा माग कसा काढावयाचा, या प्रश्नाकडे मात्र संशोधकांनीं बेताचेंच लक्ष दिलें. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी शोधण्याकरितां समिति नेमली गेली, तेव्हांपासून हा प्रश्न तहसील कचेरीच्या ओसरीवर येऊन बसला आहे. त्यांतील राजकीय वाद हा आमचा विषय नव्हे. परंतु पणजाच्या नांवाची एक मोडी ओळ मिळते कीं नाहीं, यावर पणतूचा दाखला अवलंबून असतां, ती ओळ कोठें शोधावी हें सांगणें आमच्यासारख्यांचें कामच आहे. येथें आम्ही नगर जिल्ह्यापुरता विचार करतों. या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. जुन्या कागदांत तें मिळणार नाहीं, म्हणून लेखांत जुनेंच नांव ठेविलें आहे.

इंग्लंडांतील शेतकऱ्याच्या वंशजाचें काम या बाबतींत फार सोपें आहे. तेथें १८४१ पासून दर दहा वर्षांनीं घरोघरच्या माणसांचीं नांवें लिहिलीं गेलीं, आणि त्या मूळ याद्या राखल्या गेल्या. १८४१ च्या यादींत पंधरा वर्षांवरील माणसांचीं वयें सामान्यतः पांचाच्या पटींत उतरवून घेतलीं आहेत. १८५१ पासून घरधन्याशीं नातें आणि जन्मगांव हींही दिलीं आहेत. १९३१ च्या याद्या १९४२ सालीं आगींत जळाल्या, व १९४१ सालीं युद्धामुळें गणतीच झाली नाहीं. तरी मजुरी करणाऱ्या कुटुंबाचाही सलग माग तेथें एका मेजाशीं बसून काढतां येतो.

हें पाहून आपल्याकडील मंडळी "१८८१ ची खानेसुमारी आणा" असें सांगूं लागतात. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, त्या विहिरीस पाणी नाहीं. मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं व पुढें १८८१ पासून दर दहा वर्षांनीं गणती झाली. गणक दारोदार फिरले, माणसें लिहिलीं गेलीं. पण बेरजा होऊन तक्ते छापले गेले, कीं मूळ कागदांचें प्रयोजन सरलें व ते नष्ट करण्याची चाल होती. उरले ते आंकडे. १९०१ सालीं नगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ भरली, आणि ती १८९१ पेक्षां कमी होती. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांचा घाव त्या आंकड्यांत स्पष्ट दिसतो. कोणत्या घराचें दार बंद झालें तें दिसत नाहीं. १८८४ च्या गॅझेटियरांत जातवार संख्या आहेत. परंतु संख्येस नातू नसतो. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणें गणतीचे कागद पाहावयास मिळत नाहींत व पुराव्यासही चालत नाहींत.

वस्तुतः खानेसुमारी हा शब्द आपल्या दप्तरांत इंग्रजी अमलापूर्वींचाच आहे. पेशवाईंतील खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद; तींत घरधन्याचें नांव येतें, कुटुंबांतील इतर माणसें बहुधा येत नाहींत. तेवढ्यावर वंशावळ उभी राहत नाहीं, पण एखाद्या वर्षीं अमुक कुळ गांवांत होतें एवढें तरी ठरतें.

नांवें सांपडतात तीं गांवच्या कागदांत. अलीकडून मागें जावें, हा आमचा नियम आहे. प्रथम सातबारा, त्यावरून फेरफार, फेरफारांवरून १९०३ च्या कायद्यानें सुरू झालेलें हक्कनोंदणी पत्रक, त्यामागें पाहणीपत्रकें व सर्व्हेच्या वेळचे आकारबंद. एकत्रीकरणानें सर्व्हे नंबरांचे गट झाले असल्यास जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातल्याशिवाय एक पाऊलही पुढें टाकूं नये. याच्या जोडीस जन्ममृत्यूचें पुस्तक, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, तें वाचावें. त्यांत जात लिहिलेली असते, म्हणून सध्यां त्यावर सर्वांची उडी आहे. आमच्या दृष्टीनें त्यांत दुसरेंही मोल आहे: एकाच घरांतील दोन-तीन मृत्यु लागोपाठ आले म्हणजे प्लेग त्या घरांत केव्हां शिरला तें कळतें. बायकांच्या नांवांविषयीं मात्र हीं पुस्तकें कृपण आहेत. पुष्कळदां "अमक्याची बायको" एवढ्यावरच लेखणी थांबते. ती उणीव नाशिक, त्र्यंबकेश्वर व पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या कांहीं अंशीं भरून काढतात.

येथें एक सावधगिरीची सूचना. जुन्या कागदांत आडनांव क्वचितच येतें आणि आजाचें नांव नातवास ठेवण्याची रीत आहे. समजा, एका कागदांत "रामजी बिन तुकाजी" मिळाला आणि पन्नास वर्षांपूर्वींच्या कागदांतही "रामजी बिन तुकाजी" मिळाला. उतावळा शोधक दोघांस एक मानून मधल्या दोन पिढ्या गिळून टाकतो. एका गांवांत दोन भावकींत तींच नांवें असलीं म्हणजे तर घोटाळा विचारूं नये.

म्हणून आम्ही माणसाच्या नांवापेक्षां जमिनीच्या नांवावर अधिक भरंवसा ठेवतों. देशावरील जुन्या गांवांत काळीचे थळ पडलेले असत, आणि प्रत्येक थळास मूळ मिराशी घराण्याचें नांव असे. घराणें बुडालें तर जमीन गतकुळ होई, उपरी ती वाही, तरी थळाचें नांव पालटत नसे. थळझाड्यांत हीं नांवें ओळीनें येतात. आजच्या सातबाऱ्यावर "शेताचें स्थानिक नांव" असा एक रकाना आहे. कित्येक उताऱ्यांवर तो कोरा असतो, पण म्हातारीं माणसें शेतास ज्या नांवानें हाक मारतात तें नांव कधीं कधीं दोनशें वर्षांपूर्वींच्या थळझाड्याशीं जुळतें. अर्थात् थळाचें नांव म्हणजे रक्ताचा पुरावा नव्हे. आज तेथें नांदणारा मूळ थळकऱ्याचा वंशज आहे कीं त्याच्या पूर्वजानें मिरास विकत घेतली, हें मिरासपत्र किंवा महजर पाहूनच ठरवावें लागतें. महजरावर सही न येणाऱ्या कुणब्याची नांगराची निशाणी असते. सालें वाचतांना सुहूर सनाच्या अरबी शब्दांनीं गांगरूं नये: "सलास सबैन मया व अलफ" म्हणजे ११७३, अर्थात् इ.स. १७७२-७३.

ही साखळी कोठें तुटते तेंही माहीत असलें पाहिजे. १८०२ ते १८०४ या काळांत होळकरांच्या धामधुमीनें व पाठोपाठच्या दुष्काळानें या प्रांतांतील गांवें ओस पडलीं. नंतर कौल देऊन जीं कुळें आणून बसविलीं तीं सर्व जुनींच होतीं असें धरून चालणें धोक्याचें आहे. १८७५ च्या दंग्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत सावकारांचे खतरोखे जाळले गेले. ज्या कागदांत कुणब्याचें नांव सर्वांत विपुल होतें ते कागद कुणब्यांनींच जाळले, आणि त्या कागदांनीं त्यांची जी दशा केली होती ती पाहतां त्यांस बोल लावण्यास आमची जीभ धजत नाहीं. १८७९ च्या कायद्यानंतर खतें गांवच्या नोंदणी अंमलदारापुढें होऊं लागलीं, तेथून हा धागा पुन्हां धरतां येतो. जामखेडकडील गांवांची तऱ्हा निराळी: निजामाची हद्द लागून असल्यानें कुळें दुष्काळांत पलीकडे जात व परत येत, म्हणून त्यांचा शोध बीडच्या दप्तरांतही घ्यावा लागतो. तसेंच १८६९ पर्यंत नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नसल्यानें तिकडील कागदांवर नगरचें नांव दिसलें तर नवल मानूं नये.

सरकारी दप्तर आतां यंत्रांत उतरविलें जात आहे. चिंता आहे ती खाजगी रुमालांची. १९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें खालसा झालीं, तेव्हां वतनदारांच्या घरचे थळझाडे, जमेचे ताळेबंद व मिरासपत्रांच्या नकला माळ्यावर पडून राहिल्या. वाडे पाडतांना त्या रद्दींत जातात, नाहींतर फुटकळ पानांनीं विकल्या जातात. आणि पान रुमालांतून सुटलें कीं त्याचें गांव हरवतें. आमच्या वाचकांत अशा कागदांचे संग्राहक पुष्कळ आहेत. नगर जिल्ह्यांतील एखाद्या गांवाचा थळझाडा ज्यांच्यापाशीं असेल, त्यांनीं मूळ कागद हातावेगळा करूं नये. गांवाचें नांव, सुहूर सन आणि त्यांतील थळांचीं नांवें तेवढीं उतरवून आम्हांकडे पाठवावीं. पारनेर व श्रीगोंदें तालुक्यांपासून आम्ही यादीस आरंभ केला आहे.