विजेवरचा टेम्पो आणि रात्रीची जागा

लहान उद्योगाने मालवाहतुकीसाठी विजेवर चालणारी गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न गेल्या पाच-सात वर्षांत महाराष्ट्रातील शहरांत नव्याने विचारला जात असला, तरी तो मुळात नवा नाही. मोटारगाडी बाल्यावस्थेत होती तेव्हाच तो युरोप-अमेरिकेतील दुकानदारांपुढे उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर तेव्हा ज्या गोष्टींवर अवलंबून होते त्या आजही फारशा बदललेल्या नाहीत. सध्याची चर्चा बहुधा एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, एवढ्यावर अडकते. मागचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहता या गाडीचे यशापयश दुसऱ्याच दोन साध्या बाबींनी ठरत आले आहे: धंद्याची रोजची फेरी ठरलेली आहे का, आणि रात्री गाडी जिथे उभी राहते ती जागा मालकाच्या ताब्यात आहे का.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील मोठी दुकाने, बेकऱ्या आणि पार्सल पोचवणाऱ्या कंपन्या घोडागाडीच्या जागी विजेची गाडी घेऊ लागल्या होत्या. या गाड्यांत प्रामुख्याने शिसे-आम्ल बॅटरी असे, म्हणजे शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून तयार केलेला विद्युतघटांचा संच. घरातल्या इन्व्हर्टरला आजही बहुधा हाच प्रकार जोडलेला असतो. आजच्या सुधारलेल्या रूपातही या बॅटरीत दर किलो वजनामागे जेमतेम ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते, आणि त्यामुळे गाडीला पल्ला द्यायचा तर मालाइतकेच वजन बॅटरीचे वाहावे लागे. थॉमस एडिसनने यावर उतारा म्हणून लोखंड आणि निकेल यांची अधिक टिकाऊ बॅटरी काढली, आणि ती मालवाहू गाड्यांत बरीच वापरली गेली. पेट्रोलच्या गाडीची अडचण वेगळी होती: ती हँडल मारून सुरू करावी लागे, आणि दर दहा-वीस घरांमागे थांबणाऱ्या गाडीचे इंजिन प्रत्येक वेळी बंद करावे की धडधडत ठेवावे, हा मोठा प्रश्न असे. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बटण दाबून इंजिन सुरू करणारा विद्युत स्टार्टर आला, पेट्रोलच्या गाड्या स्वस्त होत गेल्या, आणि विजेच्या गाडीचा हा मोठा फायदा ओसरला.

त्याच काळातील एक प्रयोग आजच्या वाचकाला ओळखीचा वाटावा असा आहे. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने १९१० च्या सुमारास अशी सोय सुरू केली, की व्यापाऱ्याने गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यावी, उतरलेली बॅटरी केंद्रावर देऊन भरलेली घ्यावी, आणि महिन्याचे ठरावीक शुल्क भरून शिवाय गाडी जितके मैल धावेल तितक्या मैलांचे पैसे द्यावेत. ही व्यवस्था १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर गाड्या एकंदर साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. भारत सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये विजेची दुचाकी व तीनचाकी वाहने बॅटरीशिवाय विकण्यास आणि नोंदवण्यास परवानगी दिली, तेव्हा तिचे स्वागत अगदी ताजी कल्पना म्हणून झाले. ती शंभर वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या शहरात चौदा वर्षे चालून गेलेली होती, हे क्वचितच कोणाच्या लक्षात आले.

विजेच्या मालवाहू गाडीला खरा आश्रय मिळाला तो ब्रिटनमध्ये, दुधाच्या धंद्यात. दूधवाल्याचा घोडा हा या धंद्याचा निम्मा कामगार होता. त्याला रोजची गल्ली पाठ असे, आणि मालक बाटल्या घेऊन एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाई तोवर तो आपणहून पुढे सरकत असे. पेट्रोलच्या गाडीला हे जमणारे नव्हते. १९३० च्या दशकापासून डेअऱ्यांनी घोड्याच्या जागी विजेची गाडी आणली, कारण ती थांबलेली असताना काहीच खर्च होत नसे, आणि पहाटे झोपलेल्या वस्तीतून जाताना ती आवाज करत नसे. तिची रचना अत्यंत साधी होती: मागे क्रेट रचण्यासाठी दोन्ही बाजूंनी उघडा हौदा, वर छप्पर, पुढे चालकासाठी बहुधा दरवाजा नसलेली जागा, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा चढता-उतरता यावे, आणि हौद्याच्या खाली शिशाच्या जड बॅटऱ्या. श्रूजबरी येथील वेल्स अँड एडवर्ड्स या कारखान्याच्या तीनचाकी गाड्या अरुंद गल्लीत वळवायला सोप्या म्हणून विशेष चालल्या. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आसपास, फेरी पंधरा-वीस मैलांची, आणि फेरी संपली की गाडी डेपोत परत येऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत चार्जिंगला लागलेली.

अशा गाडीचा पल्ला आज कोणी जाहिरातीत छापणार नाही, पण दूधवाल्याला तो कधी कमी पडला नाही. त्याची फेरी आदल्या दिवशी जितकी होती तितकीच आज होती. गाडी विकत घेताना महाग पडे, पण तिच्यात बिघडण्यासारखे भाग थोडे असल्यामुळे वीस-वीस वर्षे कामाला येई, आणि मध्ये बॅटरी बदलली की भागे. १९६७ मध्ये ब्रिटनमधील विद्युत वाहन संघटनेने, जगातील इतर सर्व देशांत मिळून आहेत त्यांपेक्षा अधिक बॅटरीच्या गाड्या एकट्या ब्रिटनच्या रस्त्यांवर आहेत, असा दावा केला होता, आणि त्यांतील फार मोठा वाटा दुधाच्या गाड्यांचा होता. पुढे घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केटमध्ये दूध स्वस्त मिळू लागले, आणि या गाड्या झपाट्याने कमी झाल्या. गाडी नापास झाली नव्हती. ज्या फेरीसाठी ती बनली होती ती फेरीच मोडली.

मुंबई-पुण्यात असे काही घडले नाही, याची कारणे येथल्या व्यवस्थेत आहेत. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहून मुंबईला बाटलीतले दूध मिळू लागले, तरी ते वाटपासाठी ठिकठिकाणच्या केंद्रांवर येई आणि ग्राहक कार्ड घेऊन तिथे रांगेत उभा राही. केंद्रापासून दारापर्यंतचा प्रवास माणसाच्या पायावर किंवा सायकलवर होई. बाकीचा माल हातगाडीवर, बैलांच्या खटाऱ्यावर किंवा हमालाच्या पाठीवर जाई. श्रम इतके स्वस्त होते, की यंत्राने ते वाचवावेत असा विचार व्यापाऱ्याला सुचण्याचे कारणच नव्हते. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने, आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने हे श्रम संघटित केले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, म्हणजे ओझी वाहणाऱ्या आणि तत्सम अंगमेहनतीच्या कामगारांची नोंदणी, मजुरी आणि कल्याणनिधी यांची सोय करणारा महाराष्ट्राचा कायदा.

दरम्यान यंत्राची छोटी मालगाडी आलीच, ती पेट्रोलवर. हॅम्बुर्गच्या फिडाल अँड सोन या कंपनीशी करार करून फिरोदिया यांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून तीनचाकी हॅन्झिॲट गाडी भारतात आणली. तिचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकाच चाकाला फिरवी, त्यामुळे मागचा हौदा पूर्ण मालासाठी मोकळा राही. १९७० च्या आसपास त्याच कंपनीची डिझेलवर चालणारी चारचाकी मॅटाडोर आली, शतक संपता संपता बारामतीत पियाजिओचा तीनचाकी ॲपे बनू लागला, आणि मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणला. ७०२ घनसेंटीमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टनाची क्षमता आणि सव्वादोन लाखांच्या आसपासची किंमत, असा हा ‘छोटा हत्ती’ थोड्याच काळात तालुक्याच्या गावापर्यंत पोचला.

या सर्व गाड्यांभोवती जो व्यवसाय वाढला त्याची घडी ब्रिटिश दूधवाल्याच्या नेमकी उलट होती. गाडीचा मालक तोच तिचा चालक. तो मार्केट यार्डाबाहेरच्या किंवा चौकातल्या टेम्पो नाक्यावर नंबर लावून भाड्याची वाट पाही. सकाळी कांद्याची पोती हडपसरला, दुपारी कोणाचे बिऱ्हाड पिंपरीला, आणि नशिबाने लांबचे भाडे लागले तर ११० किलोमीटरवरच्या साताऱ्याला माल टाकून त्याच रात्री रिकामे परत, असा त्याचा दिवस. उद्या किती किलोमीटर होतील हे त्याला आज सांगता येत नाही, आणि लांबचे भाडे नाकारणे त्याला परवडत नाही, कारण महिन्याचा हप्ता बहुधा त्यातूनच निघतो. रात्री गाडी चाळीसमोरच्या रस्त्यावर, पुलाखाली किंवा नाक्यावरच उभी राहते. तिथे त्याच्या नावाचा वीज मीटर कुठून असणार?

एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर महिंद्र कंपनीने ‘बिजली’ नावाची शिसे-आम्ल बॅटरीवरची तीनचाकी काढून पाहिली, पण ती टिकली नाही. जड बॅटरी आणि तोकडा पल्ला हे दोष तिच्यात होतेच; शिवाय पुढे काही वर्षांतच महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले, म्हणजे मागणीइतकी वीज नसल्यामुळे भागाभागाने पुरवठा तोडला जाऊ लागला, आणि ग्रामीण भागात तर दिवसाचे कित्येक तास वीज नसे. ‘एस’ बाजारात आला तो याच काळात. ज्या राज्यात पिठाची गिरणी विजेची वाट पाहत होती, तिथे विजेवर गाडी चालवा असे कोणाला सांगणे विनोदच ठरला असता.

चित्र बदलले ते लिथियम बॅटरीमुळे. मालवाहू गाड्यांत आता मुख्यतः वापरला जाणारा तिचा लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार वजनाच्या मानाने शिशाच्या तीन-चार पट ऊर्जा साठवतो आणि हजारो वेळा भरता येतो. राज्यकर्त्यांनीही वाट मोकळी केली: ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिटच्या अटीतून सूट मिळाली, १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मे २०२२ मध्ये ‘एस’ची विजेवरची आवृत्ती आली, तिच्यात २१.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे तितके युनिट साठवणारी बॅटरी होती आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता, पण तिची १० लाखांच्या घरातली किंमत पाहून नाक्यावरचा माणूस लांबूनच परत फिरला. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘एस प्रो’ने हे अंतर पुष्कळ कमी केले: तेव्हा पेट्रोलची गाडी ३.९९ लाखांना होती, विजेची ६.५० लाखांना.

या अडीच लाखांच्या फरकाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. भरलेल्या गाडीचा रस्त्यावरचा पल्ला प्रमाणित आकड्याच्या दोन तृतीयांश धरला आणि चार्जिंगमधली थोडी गळती मिळवली, तर ‘एस प्रो’च्या १४.४ युनिटच्या बॅटरीवर किलोमीटरला सुमारे ०.१६ युनिट लागते. स्वतःच्या मीटरवर युनिटला १० रुपये पडतात असे मानल्यास किलोमीटरचा खर्च १ रुपया ६० पैसे होतो. पेट्रोलवर, लिटरला १९ किलोमीटर धरून, तोच साडेपाच रुपयांच्या जवळ जातो. रोज ६० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस चालणाऱ्या गाडीची बचत सत्तर हजारांच्या आसपास होऊन वाढीव किंमत साडेतीन वर्षांत फिटते. मात्र तीच गाडी सार्वजनिक केंद्रावर १९ रुपये युनिटने भरावी लागली तर खर्च ३ रुपयांवर जातो, बचत पंचेचाळीस हजारांवर येते आणि फेड साडेपाच वर्षांवर लांबते. शिवाय चार्जिंगसाठी थांबलेले तास भाड्याविना जातात ते वेगळेच. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. थोडक्यात, गाडी तीच, रस्ते तेच, आणि केवळ रात्रीच्या जागेपायी दोन वर्षांचा फरक.

म्हणूनच आज विजेच्या मालवाहू गाड्या दिसतात त्या प्रामुख्याने भिवंडीसारख्या गोदामांच्या पट्ट्यातून निघणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या आणि पार्सल कंत्राटदारांच्या ताफ्यांत. तिथे फेरी ठरलेली आहे, परत यायला आवार आहे आणि आवारात वीज आहे. लंडनच्या हॅरॉड्स दुकानाने १९३० च्या दशकात आपल्या विजेच्या गाड्या स्वतः बांधून घेतल्या त्यामागची परिस्थिती याहून निराळी नव्हती. विक्रीच्या जाहिरातीत मात्र लहान उद्योजकाचा हसरा चेहरा असतो. लहान उद्योजकांतही ज्याची घडी दूधवाल्याशी जुळते त्याला ही गाडी आजच परवडते: पाव आणि खारी वाटणारी बेकरी, पाण्याचे जार पोचवणारा, गॅस सिलिंडरचा वितरक, कपडे गोळा करणारी लाँड्री, दूध आणि दह्याचा किरकोळ पुरवठादार. त्यांची दिवसाची फेरी चाळीस ते ऐंशी किलोमीटरची असते, थांबे पुष्कळ असतात, आणि दुकानामागे किंवा गोदामात साधा पंधरा अँपिअरचा प्लग बसवता येतो.

नाक्यावरच्या मालक-चालकाला मात्र आज ही गाडी घे असे सांगणे योग्य ठरणार नाही. त्याच्यासाठी सीएनजीची गाडीच अजून शहाणपणाची आहे. गाडीच्या किमतीवरचे सरकारी अनुदान कितीही वाढवले तरी त्याची अडचण तिथे नाही. महापालिका आणि महावितरण यांनी टेम्पो नाके आणि रात्री गाड्या उभ्या राहतात ते रस्ते हेरून तिथे घरगुती दराच्या जवळपास वीज देणारे साधे, मीटर लावलेले प्लग बसवले, तर खर्च जलद चार्जिंग केंद्रांपेक्षा बराच कमी येईल आणि उपयोग ज्याला व्हायचा त्याला होईल. ते काम आधी व्हायला हवे.