संगणकाचा पंखा व त्याचा जोड : सुट्या भागांच्या अदलाबदलीच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा शोधाकडे जाते. यंत्र कोणी निर्माण केले, ते प्रथम कोठे चालले, त्याची शक्ती कशी वाढत गेली, हे प्रश्न आपण विचारतो. तेच यंत्र बिघडल्यावर कोणी दुरुस्त केले, त्यासाठी लागणारा भाग कोठून आणला आणि तो बसला की नाही, याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः एखादे यंत्र समाजात किती रुजले हे पाहण्यास दुसऱ्या प्रकारचे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. प्रस्तुत लेखात अशा प्रश्नांपैकी एक अगदी लहान प्रश्न विचारासाठी घेतला आहे. मेजावरील संगणकाचा आवाज करू लागलेला पंखा बदलावयाचा झाल्यास, त्याच मापाचा व त्याच विद्युत्‌दाबाचा नवा पंखा पुष्कळदा जोडता का येत नाही?

हा प्रश्न नवी मुंबईच्या संदर्भात विचारण्यास कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील या भूभागावर नवे शहर वसू लागले. रसायने व यंत्रसामग्री यांच्या या पट्ट्यात पुढे महापे, ऐरोली, वाशी व बेलापूर येथे संगणकावर चालणाऱ्या कचेऱ्या आल्या. खाडीवरील दमट हवा, अखंड चाललेल्या बांधकामांची धूळ आणि वर्षातील बहुतेक महिने टिकणारा उकाडा यांत ही यंत्रे काम करतात. पंखा ज्या हवेने यंत्र थंड करतो, तीच हवा त्याच्या पात्यांवर धुळीचा थर चढविते. थर सर्वत्र सारखा बसत नाही, म्हणून पात्यांचा तोल जातो. उष्णतेने बेअरिंगमधील वंगण आटते. मग प्रथम घरघर, नंतर खडखड सुरू होते. रोग साधा आहे व त्यावरील उपाय काही शे रुपयांचा आहे. तरीही अनेकदा उपाय जागच्या जागी अडतो, तो तारांच्या टोकाशी असलेल्या जोडामुळे, म्हणजे बाजारात ज्याला कनेक्टर म्हणतात त्यामुळे. ही अडचण कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

१

मुंबईत संगणकाचा इतिहास सुरू होतो तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथील तरुण संशोधकांनी १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू केले व १९६० मध्ये पूर्ण संगणक सिद्ध केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध होते. प्रत्येक निर्वात नलिका आपल्या तापलेल्या तंतूवर चालते. त्यामुळे उष्णता बाहेर घालविणे हा अशा यंत्राच्या रचनेतील आनुषंगिक भाग नसून मुख्य भाग असतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांनी हे यंत्र बांधले तेच त्याची दुरुस्ती करीत होते. कोणती तार कोठून कोठे जाते हे त्यांस ठाऊक होते, कारण ती त्यांनीच ओढलेली होती. निर्माता व दुरुस्त करणारा एकच असल्यामुळे न जुळणाऱ्या जोडाचा प्रश्न अशा ठिकाणी उद्भवत नाही.

हा प्रश्न निर्माण झाला तो ही दोन माणसे वेगळी झाल्यावर. विकत वा भाड्याने घेतलेल्या परदेशी यंत्रांची देखभाल त्या त्या कंपनीचे अभियंते करीत आणि आवश्यक ती पुस्तके व भाग त्यांच्याच हाती असत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भांडवलातील हिस्सा कमी करण्याची अट आय.बी.एम. कंपनीस मान्य झाली नाही आणि १९७८ मध्ये तिने भारतातील काम आवरते घेतले. देशात तिची आठशेंहून अधिक यंत्रे चालू होती. त्यांच्या देखभालीचा भार शासकीय मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनवर, म्हणजे पुढे सी.एम.सी. या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेवर आला. निर्मात्यावाचून यंत्रे चालविता येतात काय, याची ही देशव्यापी परीक्षाच होती. ती यंत्रे चालू राहिली. यंत्राची मालकी आणि यंत्राविषयीचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिली मिळाल्याने दुसरी आपोआप मिळत नाही, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

२

ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम. ने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. या यंत्राची विद्युत्‌मंडले दाखविणारी तांत्रिक पुस्तिका कंपनीने विक्रीस ठेवली होती. परिणामी इतर कारखानदारांना त्याच्याशी जुळणारे भाग व पुढे संपूर्ण यंत्रे बनविता आली. १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर भारतातही अशा यंत्रांचा प्रसार झाला. मुंबईत ज्यास लोक अजूनही लॅमिंग्टन रोड म्हणतात त्या डॉ. भडकमकर मार्गावर सुटे भाग मिळू लागले, आणि भाग जुळवून संगणक उभा करणारा कारागीर हा एक नवा वर्ग उदयास आला. या वर्गाचे अस्तित्व मुळात एका छापील पुस्तिकेवर व तीतून निघालेल्या सामाईक मापांवर उभे होते, हे विसरून चालणार नाही.

या पहिल्या यंत्रात वीजपुरवठ्याच्या पेटीत एकच पंखा होता. प्रोसेसरला स्वतंत्र पंख्याची गरज नव्हती. १९९० नंतरच्या दशकात प्रोसेसरचा वेग वाढला तशी उष्णताही वाढली आणि त्याच्या डोक्यावर धातूचे पंखे असलेला तुकडा व त्यावर लहानसा फिरता पंखा बसविणे आवश्यक झाले. प्रारंभी या पंख्यास दोनच तारा असत, एक १२ व्होल्टची व दुसरी परतीची. पुढे तिसरी तार आली. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यास ती दोन स्पंद पाठविते आणि त्यावरून पंखा फिरतो आहे की नाही हे यंत्रास कळते. २००४ च्या सुमारास प्रोसेसरची उष्णता शंभर वॉटच्या वर गेली, तेव्हा इंटेलने चौथ्या तारेची पद्धत रूढ केली. या तारेतून सेकंदास सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो आणि त्याच्या प्रमाणानुसार पंख्याचा वेग कमीजास्त होतो. वेग निम्म्यावर आणल्यास पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो, म्हणून हे नियंत्रण शांततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले.

या बदलात एक गोष्ट विचारपूर्वक केलेली दिसते. चार पिनांच्या जोडाची रचना अशी ठेवली की, जुना तीन तारांचा पंखाही त्यावर बसावा. तो बसतो व फिरतो, मात्र मदरबोर्डने दाब कमी करण्याची सोय ठेवली नसेल तर तो पूर्ण वेगानेच फिरतो. पंख्याच्या चौकटीचीही मापे ठरून गेली. ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांतील अंतर ७१.५ मिलिमीटर आणि १२० मिलिमीटरच्या पंख्यात ते १०५ मिलिमीटर असते, मग तो पंखा कोणत्याही देशात बनलेला असो. स्क्रूच्या आट्यांचे माप सर्वत्र एक असावे असा प्रस्ताव जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये मांडला होता. त्याच विचाराचे हे दूरचे फळ होय.

३

असे असता जोड जुळत नाही याचे कारण काय? पंख्याची चौकट व दाब ही सर्वांची सामाईक झाली, पण अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या तयार संगणकांत जोडाची रचना स्वतःकडे राखली. कोठे पिनांमधील अंतर प्रचलित २.५४ मिलिमीटरऐवजी कमी असते, कोठे पाच पिना असतात, कोठे पिना चारच पण त्यांचा क्रम निराळा. यामागे नेहमीच दुष्ट हेतू असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान जोड स्वस्त पडतो व कमी जागा घेतो. पाचव्या तारेने यंत्रास पंख्याचा प्रकार ओळखता येतो. जुळणीच्या कारखान्यात चुकीचा भाग बसू नये हाही हेतू असतो. परंतु या सर्व सोयी कारखान्याच्या आहेत. पाच वर्षांनी वाशीच्या दुकानात यंत्र उघडून बसलेल्या कारागिराचा विचार त्यांत झालेला नसतो.

याहून बिकट प्रकार म्हणजे आकार तोच व अर्थ वेगळा. १९९५ च्या ए.टी.एक्स. मानकाप्रमाणे वीजपुरवठ्याचा जोड ठरलेला असता, डेल कंपनीने १९९८ च्या सुमारास काही संगणकांत त्याच आकाराच्या जोडात तारांचा क्रम बदलला. बाजारातील नेहमीचा वीजपुरवठा त्यात सहज बसे, आणि चालू करताच मदरबोर्ड वा वीजपुरवठा निकामी होण्याचा धोका असे. न बसणारा जोड माणसास निदान थांबवितो, बसणारा पण भिन्नार्थी जोड त्यास फसवितो. म्हणून मानकाचे मूल्य केवळ आकारात नसून, आकार व अर्थ यांच्या जाहीर झालेल्या संबंधात आहे.

व्यवहारात कारागीर जो मार्ग काढतो तो अभ्यासण्याजोगा आहे. तो जुन्या पंख्याचा जोड थोड्या तारेसह कापून घेतो व नव्या पंख्याच्या तारांशी सोल्डर करून वर रबरी नळीचे आवरण चढवितो. येथे रंगावर विसंबून चालत नाही. तीन तारांच्या पंख्यात पिवळी तार बहुधा वेग सांगणारी असते, तर इंटेलच्या चार तारांच्या पद्धतीत पिवळी तार १२ व्होल्टची असते. तेव्हा रंग सोडून प्रत्येक तारेचे कार्य मीटर लावून ठरवावे लागते. नवा पंखा किती विद्युत्‌प्रवाह ओढतो हेही पाहावे लागते, कारण मदरबोर्डवरील जोड सामान्यतः एका अँपिअरपर्यंतच भार सोसतो. वेग सांगणारी तार सोडून दिल्यास पंखा फिरतो, पण यंत्र सुरू होताना पंखा बंद असल्याची तक्रार करून कित्येकदा थांबते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात क्रमवार मांडलेले नाही. ते हातातून हातात जाते, आणि दुकान बंद झाले की त्याबरोबर नाहीसे होते.

४

दोन न जुळणाऱ्या पद्धतींमधील संक्रमण मोठ्या प्रमाणावर कसे पार पडते याचे उदाहरण याच शहराच्या रेल्वेमार्गावर सापडते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विद्युत्‌गाडी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. देशाच्या इतर भागांत पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह प्रमाण ठरला, तरी मुंबईची उपनगरी सेवा जुन्याच पद्धतीवर राहिली. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, तीही या जुन्याच प्रवाहावर. रूपांतर झाले ते टप्प्याटप्प्याने, आणि हार्बर मार्गावर ते एप्रिल २०१६ मध्ये पुरे झाले. मधल्या वर्षांत दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. त्या गाड्या म्हणजे दोन पद्धतींमधील चालते जोडच होते. हे शक्य झाले याचे कारण दोन्ही पद्धतींचे संपूर्ण तपशील रेल्वेच्या हाती होते. पंखा बदलणाऱ्या कारागिराचे काम याहून कितीतरी लहान आहे, परंतु त्याच्या हाती तो तपशील नसतो.

कायद्याची दृष्टी या प्रश्नाकडे हळूहळू वळू लागली आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे २०११ चे नियम मे २०१२ पासून लागू झाले व उत्पादकावर जबाबदारी आली. त्यांची जागा प्रथम २०१६ च्या व नंतर १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या २०२२ च्या नियमांनी घेतली. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक माहितीस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलसाठी एकच चार्जिंग जोड सक्तीचा केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि यातील जोडाविषयीचा नियम यंत्राच्या बाहेरील जोडापुरता आहे. झाकण काढल्यावर दिसणारा जोड अद्याप कंपनीच्या इच्छेवर अवलंबून आहे.

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. प्रत्येक कंपनीने एकच जोड वापरावा असा आग्रह धरणे कदाचित व्यवहार्य नाही, कारण यंत्रे बदलत जाणार व त्यांबरोबर जोडही बदलणार. परंतु कोणती पिन कशासाठी आहे, तिच्यावर किती दाब असतो व ती किती प्रवाह सोसते, हे एका पानावर छापून यंत्रासोबत देणे कोणत्याही कंपनीस अवघड नाही. १९८१ मध्ये एका पुस्तिकेने जे साधले ते या एका पानाने लहान प्रमाणावर साधेल. असे पान नसल्यामुळे सुस्थितीतील संगणक एका पंख्यापायी भंगारात जातो, आणि त्याची किंमत त्याचा मालक व हे शहर दोघेही देतात.

आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांपुढे यातून एक काम उभे राहते. नवी मुंबई व मुंबई येथील दुरुस्तीच्या दुकानांतील वह्या, हाताने काढलेल्या तारांच्या आकृत्या, पिनांच्या क्रमांची टिपणे ही ऐतिहासिक साधने होत. टिफ्रॅकची कागदपत्रे जपण्यासारखी आहेत हे सर्वांस मान्य आहे. चार पिनांचा क्रम पेन्सिलीने लिहून ठेवलेला कागदही त्याच इतिहासाचा भाग आहे. तो जमविण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.