जमिनीवर पडलेल्या घंटा

हॅम्बर्गला नोकरीसाठी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला गाड्यांच्या नंबरप्लेटचं कोडं पडलं. बर्लिनच्या गाडीवर नुसतं बी, म्युनिकच्या गाडीवर एम, मग हॅम्बर्गलाच एचएच का? टीममधल्या एकाने सांगितलं की पहिला एच ‘हान्सेश्टाट’चा, म्हणजे हान्सा संघातलं शहर. ब्रेमेनचं एचबी, ल्युबेकचं एचएल. मी ज्या लुफ्तहान्साने आलो, तिच्याही नावात हान्सा होतीच. ज्या व्यापारी संघाची शेवटची बैठक १६६९ साली झाली, तो अजून गाड्यांवर आणि विमानांवर नाव मिरवतोय, हे मला भारी वाटलं. त्या शनिवारी ट्रेन पकडली आणि पाऊण तासात ल्युबेकला उतरलो.

बाल्टिक समुद्राच्या काठाने ल्युबेक, व्हिस्बी, ग्दान्स्क, टॅलिन अशी शहरं पसरली आहेत. आज ती जर्मनी, स्वीडन, पोलंड, एस्टोनिया अशा वेगवेगळ्या देशांत आहेत, पण मध्ययुगात त्यांचे व्यापारी एकाच जाळ्यातले होते. या जाळ्याला ना राजा होता, ना कायमचं सैन्य, ना खजिना. शहरांचे प्रतिनिधी जमायचे (बहुतेक वेळा ल्युबेकलाच), वाद घालायचे आणि परत जायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कुठेच नाही, फक्त प्रोटोकॉल. टॅलिनने १२४८ साली ल्युबेकचा कायदा आपलासा केला. समुद्रापलीकडच्या बंदरात उतरलेल्या ल्युबेकच्या व्यापाऱ्याला तिथले नियम नव्याने शिकावे लागत नसत.

या सगळ्याच्या मुळाशी होता हेरिंग मासा. चर्चच्या नियमाने वर्षातले शंभराहून जास्त दिवस मांस वर्ज्य, पण मासा चालायचा. शरद ऋतूत आजच्या स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कानोर आणि फाल्स्टर्बोपाशी, हेरिंगचे थवेच्या थवे यायचे. पण हा मासा तेलकट, लगेच नासणारा. त्याला मीठ हवं, आणि मीठ होतं ल्युबेकच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांत. आधी ते बैलगाड्यांनी आणि घोडागाड्यांनी यायचं, मग १३९८ साली त्यासाठी चक्क कालवा पुरा झाला. वेंगुर्ल्याला माझी आजी पावसाळ्याच्या बेगमीला बांगडे खारवून ठेवायची. त्या पिंपाचा वास घरभर असायचा आणि पाहुणे आले की आम्हाला लाज वाटायची. ल्युबेकच्या नदीकाठी मिठाची जुनी गोदामं बघताना मला पहिल्यांदा कळलं की त्या वासावर कुणी शहर उभं करू शकतं.

आणि केवढं शहर! बिशपचं कॅथेड्रल गावाच्या एका टोकाला. व्यापाऱ्यांनी बाजाराच्या शेजारी स्वतःचं चर्च बांधलं, मारियेनकिर्श, म्हणजे मेरीचं चर्च. आसपास दगड नाही म्हणून सगळं भाजलेल्या विटांचं. आतलं छत जमिनीपासून साडेअडतीस मीटर उंच, म्हणजे आपल्या बारा मजली सोसायटीएवढं.

मी छताकडे बघतच आत शिरलो. दक्षिणेकडच्या मनोऱ्याखाली आलो तेव्हा कुठे खाली बघितलं. तिथे दोन प्रचंड घंटा पडल्या आहेत. फुटलेल्या, तुकडे झालेल्या, त्यांच्याखालची फरशीही तडकलेली.

२८ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बॉम्ब टाकले. दाटीवाटीची जुनी घरं सहज पेटतील, हा हिशेब त्यामागे होता. तीनशेच्या वर माणसं मेली. त्याच्या दीड वर्ष आधी जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री असंच जाळलं होतं. घंटांच्या शेजारी आज कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. मारियेनकिर्श पेटलं, मनोऱ्यातल्या घंटा कोसळल्या, आणि चर्च पुन्हा बांधताना त्या तिथेच राहू दिल्या.

त्याच आगीत एक चित्रही गेलं. बेर्न्ट नोटके या चित्रकाराचं १४६३ मधलं ‘मृत्यूचं नृत्य’. सुमारे तीस मीटर लांब. पोपपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा नाचतोय, आणि मागे ल्युबेक शहर. मजा म्हणजे १९४२ मध्ये जळालं ते मूळ चित्र नव्हतंच. मूळ चित्र जीर्ण झाल्यामुळे १७०१ साली त्याची नक्कल करून लावली होती. गेली ती नक्कल. आता तिची कृष्णधवल छायाचित्रं उरली आहेत.

पण आगीने एक गोष्ट दिलीही. उष्णतेने भिंतींवरचा चुना गळून पडला आणि त्याखालून मध्ययुगीन भित्तिचित्रं बाहेर आली, बऱ्याच ठिकाणी फिकट, अर्धवट. ती दुरुस्त करायचं काम डिट्रिश फाय याला मिळालं. प्रत्यक्ष रंगवणारा होता लोथार मालस्काट. १९५१ मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षी चित्रं खुली झाली, टपाल तिकिटं निघाली, जाणकार भारावले. १९५२ मध्ये मालस्काटने सांगितलं की वेदीच्या बाजूची उंचावरची चित्रं त्याने स्वतः काढली आहेत, जुनं तिथे जवळजवळ काही नव्हतंच. संतांना त्याने ओळखीच्या माणसांचे, एका सिनेनटीचेही चेहरे दिले होते. लोक विश्वास ठेवेनात, म्हणून पठ्ठ्याने वकिलामार्फत स्वतःविरुद्धच तक्रार केली. १९५५ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि ती चित्रं पुसली गेली.

हे वाचून मला हसू आलं नाही. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एकदा सर्व्हर पडला आणि आठ दिवसांच्या नोंदी गेल्या. आलेखात खड्डा दिसला तर क्लायंट बिथरेल, म्हणून साहेबांनी सांगितलं, आजूबाजूची सरासरी काढून भरून टाक. मी भरलं. आलेख सुंदर आला, कुणी काही विचारलं नाही. मला शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली. त्या आठ दिवसांत खरं काय झालं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. मालस्काटने निदान तोंड उघडलं.

पुढच्या उन्हाळ्यात हेलसिंकीहून बोटीने टॅलिनला गेलो, ते मुख्यतः निगुलिस्ते चर्चसाठी. नोटकेच्या कार्यशाळेने मृत्यूच्या नृत्याचं आणखी एक चित्र केलं होतं, ते ल्युबेकच्या व्यापाराच्या वाटेने इथे पोचलं. हे चर्चही मार्च १९४४ मध्ये सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात जळालं, पण चित्र आधीच हलवलेलं होतं. चर्चचं आता संग्रहालय झालं आहे. मंद उजेडात कॅनव्हासचा साडेसात मीटरचा तुकडा लावलाय. तेवढाच उरलाय. पुढचा भाग कुणी रंगवून पुरा केलेला नाही.

मी डावीकडून चालत गेलो. आधी प्रवचन देणारा, मग पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा, आणि त्यांना ओढणारे सांगाडे. राजाशी कॅनव्हास संपतो. ल्युबेकच्या छायाचित्रांत त्याच्यापुढे बरीच माणसं आहेत, त्यांत व्यापारी आहे, शेतकरी आहे, सगळ्यात शेवटी पाळण्यातलं बाळ. ज्यांच्या मिठावर आणि माशांवर ही दोन्ही चर्चं उभी राहिली, त्यांच्यातलं कुणीच त्या साडेसात मीटरमध्ये नाही.

राजाच्या उजवीकडे रिकामी भिंत आहे. मी थोडा वेळ तिच्यासमोर उभा राहिलो. मागून एक शाळेची सहल आली, मुलांनी पोपबरोबर सेल्फी काढले, आणि मी बाजूला झालो.