पांढरीची कहाणी : घर, कागद आणि कर

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना स्मरणिकेत गावातील घरांचाही थोडा इतिहास यावा, अशी समितीच्या मंडळींची इच्छा होती. मी इतिहाससंशोधक नव्हे. तालुक्याच्या कचेरीतील एक साधा कारकून. परंतु घराच्या नोंदी, वारसांचे अर्ज, बिनशेतीची प्रकरणे रोज हातांखालून जातात. "घर पाहावे बांधून" असे वडीलधारी मंडळी का म्हणत, ते कचेरीच्या टेबलापाशी बसल्यावर चांगले कळते. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीत कोणाचे घर कोठे, कोणाची वाट कोठून, कोणाच्या पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडायचे, हे गावाला तोंडपाठ असे. तंटा झालाच तर पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार असे सारे गोत बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. घराला कागद नव्हता असे नाही, पण खरा आधार होता तो साक्षीचा.

मात्र ही व्यवस्था सर्वांना सारखी नव्हती, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती त्यांना ना मोक्याची जागा मिळाली, ना गोताच्या बैठकीत बरोबरीचे स्थान. घराच्या जागेचा प्रश्न आजही त्याच वस्त्यांत अधिक बिकट आहे. त्याचे मूळ इतके जुने आहे.

इंग्रजी अमदानीत जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताशेताला नंबर मिळाला, बांध ठरला, आकार ठरला. पण सरकारला सारा हवा होता तो पिकाचा. म्हणून काळीची मोजणी बारकाईने झाली आणि पांढरीभोवती नुसती एक रेघ ओढली गेली. गावाचा जुना नकाशा पाहावा. सगळीकडे नंबरच नंबर, आणि मध्ये गावठाण म्हणून एक कोरा तुकडा! त्या कोऱ्या तुकड्यात आपण सारे जन्मलो.

याचा परिणाम आजतागायत भोगावा लागला. शेताला सातबारा आहे, पण गावठाणातील घराला सातबारा नाही. मग लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवितात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नमुना ८ हे कर आकारणीचे रजिस्टर आहे. कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेच त्यावरून ठरते. त्यात नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नाव नाही म्हणून खऱ्या वारसाचा हक्क जात नाही. ही एक गोष्ट उमजली असती तर कितीतरी भावाभावांचे दावे टळले असते.

स्वातंत्र्यानंतर साक्षीची जुनी माणसे एकेक करून गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले आणि तलाठी आला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा आला व इमारतींवर कर बसविण्याचे काम पंचायतीकडे राहिले. १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता मंजूर झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. त्याच १९६६ साली नगररचनेचा कायदाही झाला. साक्षीची जागा अशा रीतीने कागदाने घेतली. तक्रार कागदाबद्दल नाही. तक्रार एवढीच की साक्षीदार गेले तेव्हा गावठाणाचा कागद अजून तयारच झालेला नव्हता. संहितेच्या कलम १२६ खाली दोन हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांचे गावठाण मोजण्याचे काम झाले, पण लहान गावे तशीच राहिली.

वस्ती वाढली तशी माणसे काळीत घरे बांधू लागली. तेथे दोन कायदे आडवे येतात. पहिला १९४७ चा तुकडेबंदीचा. शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत हा त्याचा हेतू चांगलाच. पण गरजू माणूस एक-दोन गुंठेच घेऊ शकतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे तुकडे साध्या कागदावर, नोटरी करून विकले गेले. पैसे दिले, घर उभे राहिले, पण सातबारावर नाव मात्र मूळ मालकाचेच. असे अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. दुसरा कायदा बिनशेतीचा. शेतजमिनीवर घर बांधण्यास परवानगी लागे, ही अट १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यापासूनची, कलम ६५ ची. तीच पुढे संहितेच्या कलम ४४ मध्ये आली. २०१४ पासून संहितेत ४२-अ आणि त्यापुढील कलमे घालून ही वाट पुष्कळ सोपी करण्यात आली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठीही सवलतीची तरतूद झाली. या विषयात दुरुस्त्या वरचेवर होतात. तेव्हा शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले ते ऐकून न चालता, पाया खणण्यापूर्वी कचेरीत येऊन आजचा नियम विचारावा. विचारायला पैसे पडत नाहीत.

गायरानावर घरे बांधलेल्यांचा प्रश्न वेगळा व अधिक नाजूक आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना निर्देश दिले. घरपट्टी भरली म्हणजे जागा आपली झाली, असा समज करून घेऊन कोणी आयुष्याची पुंजी तेथे घालू नये.

आता कराकडे वळू. घरपट्टी हा शब्द आपल्याकडे फार जुना. हल्लीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. १९६० च्या कर व फी नियमांत २०१५ च्या अखेरीस तशी सुधारणा झाली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, वापर राहण्याचा की दुकानाचा, हे सारे धरून मूल्य काढतात आणि त्यावर कर बसतो. म्हणून जुन्या मातीच्या घराला आणि नव्या स्लॅबच्या घराला एकच कर नसतो. आकारणी चुकीची वाटली तर चावडीवर बोलून उपयोग नाही. मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. कर दोन ठिकाणी दिला जातो हेही ध्यानात असावे. पंचायतीत भरतो तो दिसतो, पण सिमेंटच्या पोत्यात भरलेला दिसत नाही. सिमेंटवर वस्तू व सेवा कर २०१७ पासून शेकडा २८ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. वाळू, मुरूम, दगड यांवर स्वामित्वधन असते. वाहतुकीची पावती मागून ठेवावी, नाहीतर दंडाचा ताप घरधन्याच्या मागे लागतो.

सिमेंटवरून आठवले. आज दुकानात जाऊन हवी तितकी पोती उचलणाऱ्या तरुणांना खरे वाटणार नाही, पण एके काळी सिमेंटला परमिट लागे. अर्ज करावा, वाट पाहावी, मिळतील तेवढ्या पोत्यांत भागवावे. १९८२ साली हे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. खेड्यात स्लॅबची घरे झपाट्याने वाढली ती त्यानंतर.

त्यापूर्वीचे घर खणांवर मोजत. पाच खणांचे, सात खणांचे. पाथरवट दगड घडवी, सुतार तुळया व चौकटी करी, वडार माती-दगडाचे काम करी, गवंडी भिंत उचली. सुताराला बलुते असे. धनी स्वतः घरच्या माणसांसह माती तुडवायला उभा राही. काम कसे होते ते त्याच्या डोळ्यांसमोर होई. पण जुने ते सारे सोने असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती, आणि किल्लारीला त्यांवर माळवदाचे ओझे, यांखाली माणसे गाडली गेली. किल्लारी परिसरात मृतांची संख्या हजारोंत गेली. भिंत जाड म्हणजे घर भक्कम नव्हे. कोपरे सांधलेले हवेत, जोत्याला व चौकटीवर सलग पट्टा हवा, हा धडा त्या माणसांनी प्राण देऊन आपल्याला दिला आहे.

आता काम ठेकेदाराकडे असते. बहुतेक गवंडी व ठेकेदार कष्टाळू व सचोटीचे आहेत. भांडण होते ते लबाडीपेक्षा मोघमपणामुळे. म्हणून दर चौरस फुटावर की ब्रासवर, माल कोणाचा, सळई किती जाडीची, पायाचे काम दरात धरले की वेगळे, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे जोते, चौकट, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्यावेत. कामाच्या पुढे पैसे जाऊ देऊ नयेत आणि झालेल्या कामाचे अडवूही नयेत. स्लॅबला निदान दोन आठवडे पाणी मारावे. त्यात कसूर झाली तर दोष सिमेंटचा नसतो. मंदिराच्या कामात समितीने पोत्यापोत्याची नोंद वहीत ठेवली. तशी एक वही प्रत्येक घरधन्याने ठेवावी.

नकाशातील तो कोरा तुकडा अखेर भरू लागला आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. घरोघरच्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून छायाचित्र घ्यायचे, चौकशी करून सनद व मिळकत पत्रिका द्यायची, असे हे काम. ज्या पांढरीला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कागद नव्हता तिला तो मिळतो आहे, ही लहान गोष्ट नव्हे. या कागदावर बँक कर्जाचा विचार करते.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. चौकशीच्या दिवशी जो हजर त्याचे नाव लागते आणि मुंबई-पुण्याला गेलेला भाऊ राहून जातो. बहिणीचे नाव तर कोणी सांगतही नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असे शासनाने २००३ सालीच सांगितले आहे. जी बाई तीस वर्षे त्या घराची चूल पेटविते, जमीन सारवते, तिचे नाव त्या घराच्या कागदावर नसावे हे कोणत्या न्यायात बसते? एकदा चुकीची नोंद झाली की ती दुरुस्त करण्यात उमेद आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. जुनी व्यवस्था काही माणसांना गावकुसाबाहेर ठेवी. नव्या कागदाने घरातल्याच माणसांना बाहेर ठेवू नये.

घरासाठी आपण लाखो रुपये घालतो, मुहूर्त पाहतो, वास्तुशांत करतो. त्यातले दोन दिवस कागदासाठी द्यावेत. उतारा काढावा, हद्द मोजून घ्यावी, वारसांची नावे खरी सांगावीत. देवळाचा पाया भक्कम व्हावा म्हणून साऱ्या गावाने हात लावला, तसाच प्रत्येकाच्या घराचा कागदही भक्कम व्हावा, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून ही पांढरीची कहाणी पुरी करतो.